आखाजीची मुराळी

मलकापूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्यात आणि माझ्या ट्रंकेत धूळ कोणावर जास्त हे सांगणं कठीण होतं. मनमाडला गाडी बदलताना कुणीतरी माझा फिरकीचा तांब्या लंपास केला होता आणि तिथून पुढे मी तहानलेलीच आले. चैत्र-वैशाखात वऱ्हाडात जाऊ नकोस, असं पुण्यात सगळ्यांनी बजावलं होतं. पण ऐकेन तर मी कसली!

पुण्यातल्या एका महिला संस्थेत मी शिकत होते. ज्या बायकांना घरात मारहाण होते, ज्यांना टाकून दिलं जातं, त्यांच्या बाजूने उभं राहायचं, दवाखान्यात, चौकीवर, कोर्टात त्यांच्याबरोबर जायचं, असं ते काम. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि खेड्यांतून हे काम करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वर्गातलं शिक्षण संपलं की प्रत्येकीने एखाद्या केंद्रात उमेदवारी करायची. माझ्या वाट्याला बुलढाणा जिल्ह्यातलं धामणगाव बढे आलं. त्याआधी मी साताऱ्याला शिवणवर्ग चालवत असे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आडकाठी करणारं घरात कुणी नव्हतं.

एस.टी.त शेजारी एक बाई डांगराचं (खरबुजाचं) टोपलं मांडीवर घेऊन बसली होती.

"कुठी चालल्या माय?"

"धामणगावला."

"कोनाच्या घरी?"

"कुणाच्याच नाही. कामाला आलेय."

तिला माझी दया आली असावी. "कोनाच्याच घरी नाई? मंग आमच्या घरी जेवाले या," ती म्हणाली. मोताळा येईपर्यंत तिने मला एक डांगर देऊनही टाकलं. त्या डांगराने माझी तहान भागली आणि वऱ्हाडाबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं.

केंद्र म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतली दोन खोल्यांची जागा. ते चालवणाऱ्या विमलताई मूळच्या वर्ध्याच्या. उंच, काटक, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला दोन नियम सांगितले. बाईच्या तोंडून आल्याशिवाय तिच्या वतीने बोलायचं नाही. आणि ज्या घराविरुद्ध तक्रार आहे तिथे अन्नपाणी घ्यायचं नाही, नाहीतर गाव म्हणतं की यांना खाऊ घालून गप्प केलं. पहिला नियम माझ्यासारख्या बोलभांड बाईला जड जाणार हे त्यांनी लगेच ओळखलं. दुसरा जड जाईल असं आम्हां दोघींनाही वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस त्यांच्यामागे गावोगाव फिरण्यात गेले. "कोणी मारलं?" असं मी विचारलं की बाया पदर तोंडाशी धरून उठून जात. विमलताई नुसतं विचारत, "दुखतं कुठं?" आणि मग गप्प बसत. कधी कधी इतका वेळ गप्प बसत की मलाच बोलायची उबळ येई. बऱ्याच वेळाने ती बाई गुडघ्यापासून सुरुवात करी आणि हळूहळू घरावर येई.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी यमुनाबाई केंद्रात आल्या. त्या सोनाळ्याच्या, म्हणजे पार सातपुड्याच्या पायथ्याच्या. त्यांची मुलगी सुमित्रा धामणगावपासून कोसभरावर दिलेली. नवऱ्याने तिचा हात मोडला होता आणि तिला दवाखान्यातही नेलं नव्हतं. ही बातमी त्यांना बाजारातल्या एका बांगडीवालीकडून कळली. मागच्या खेपेला जावयाने त्यांना उंबऱ्यावरूनच हाकलून दिलं होतं.

"तिले भाऊ नाई माय," त्या म्हणाल्या. "मुराळी असता तं आखाजीले आनली असती. माही पोट्टी मरन तिथीसा."

मुराळी म्हणजे सणाला लेकीला सासरहून आणायला माहेराकडून जातो तो माणूस, बहुधा भाऊ. आमच्या साताऱ्याकडेही हा शब्द आहे. ज्या बाईला मुराळी येत नाही तिच्या मागे कुणी नाही, हे सासरला न सांगता कळतं.

सुमित्राच्या सासरचा पाटील नवऱ्याच्या भावकीतला निघाला आणि चौकीवर "घरगुती मामला" एवढंच उत्तर मिळालं. विमलताई म्हणाल्या, "आपण जाऊन भेटू. तिने स्वतः 'न्या' म्हटलं तर आणू. नाही म्हटलं तर रिकाम्या हाताने परत."

आखाजीला सकाळीच निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी वावरं, सावलीला एखादं निंबाचं झाड. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या फुफाट्यात मी उड्या मारत चालले आणि विमलताई पहिल्यांदाच हसल्या. यमुनाबाईंना आम्ही केंद्रातच ठेवलं होतं.

सुमित्राची सासू कौसल्याबाई दारातच भेटली. वाळलेल्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू. मागे सुमित्राचा नवरा येऊन उभा राहिला.

"कोन हो तुमी?" तिने विचारलं.

विमलताई सावकाश तोंड उघडत होत्या. 'केंद्र' हा शब्द बाहेर पडला की दार लागणार, हे मला त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मी बोलून गेले, "सोनाळ्याची मुराळी आहे. सुमित्राला आखाजीला न्यायला आलेय."

नवरा हसला. "बाई कदी मुराळी रायते काय?"

"भाऊ नसला की बाई राहते," मी म्हटलं.

तोवर शेजारच्या चार बाया कुडाशी जमल्या होत्या. सणाचा दिवस, दारात मुराळी. कौसल्याबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे. "मुराळी हाय तं पाय धुवा," ती म्हणाली. पोळलेल्या पायांवर तांब्याभर गार पाणी पडलं तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं.

मग पाट मांडला गेला. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई. विमलताईंनी तत्काळ उपास जाहीर केला आणि माझ्याकडे डोळे वटारले. पण मुराळी कसला उपास सांगणार? न जेवता उठलेला मुराळी म्हणजे वैर. मी नियम बाजूला ठेवला आणि पानावर बसले. भूकही सपाटून लागली होती, तेही लपवत नाही.

वाढायला सुमित्रा आली. कोवळं पोर, मान खाली. तिने पोळी डाव्या हाताने वाढली. सणाच्या पानावर, पाहुण्याला, डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली होता. कुडापलीकडच्या बायांची कुजबुज थांबली.

"दुखतं कुठं, बाळ?" मी हळूच विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

रसाची वाटी ठेवता ठेवता ती पुटपुटली, "मले न्या."

"मला ऐकू आलं. त्यांना ऐकू दे."

ती उभी राहिली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही, सासूकडे पाहिलं. "मी मुराळीसंग जाऊन राह्यली," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण कुडापर्यंत पोचला.

"पाऊल तं टाक भाईर!" नवरा पुढे सरसावला. विमलताई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

कौसल्याबाई आत गेली. दाराला कडी लावते की काय, असं वाटलं. ती सुपात तांदूळ, खण आणि हळदीकुंकू घेऊन बाहेर आली.

"बाजूले हो," ती लेकाला म्हणाली. "माह्या घरी मुराळी जेवली. गावानं पायलं. आता सून नाई धाडली तं आखाजीले आपल्या घराचं नाव कोन घेईन?"

तिने सुमित्राची ओटी भरली. तांदूळ घालताना पदर सरकला आणि सुजून वाकडा झालेला हात सगळ्यांना दिसला. लेक पाय आपटत मागच्या दाराने निघून गेला.

आम्ही वेस ओलांडली तोच मागून हाक आली. कौसल्याबाई धापा टाकत येत होती. हातात तिच्या स्वतःच्या वहाणा. "अनवानी मुराळी धाडत नाई आमी," म्हणत तिने त्या माझ्या पायांपुढे ठेवल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माहं माहेर उंद्री. लगन झाल्यापासून मले कोनी न्याले आलं नाई. भाचे असतीन तिथी. वळखतीन का नाई, ठाऊक नाई." मग तिने विचारलं, "पुढच्या आखाजीले मले न्याले येता का माय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

केंद्राच्या दारात मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाड वाकडं जुळल्याचं सांगितलं आणि ते पुन्हा बसवलं. त्यानंतर सुमित्राने चौकीवर आपला जबाब आपल्या तोंडाने दिला. आम्ही दोघी नुसत्या शेजारी बसलो होतो. पुढे खटल्याचं काय होईल ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. ती सोनाळ्याला आईकडे गेली, एवढं मात्र पक्कं झालं. नियम मोडला म्हणून विमलताईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. शेवटी विचारलं, "पोळी कशी होती?"

"तूप जरा कमी होतं," मी म्हटलं.

उमेदवारी संपवून पुण्याला परतले. गाडीत पाय दुखत होते. त्या वहाणा मला बोटभर लहान होत्या, तरी मी त्याच घातल्या होत्या. संस्थेच्या मुख्य बाईंनी नेमणुकीसाठी बोलावलं. साताऱ्याला जागा होती, घराजवळ, हवा थंड. मी धामणगाव मागितलं.

"एवढ्या उन्हात? का?"

"तिथल्या एका बाईला आखाजीला उंद्रीला न्यायचंय."

"मारहाणीचं प्रकरण आहे का?" त्यांनी विचारलं.

मला सुमित्राच्या सुजलेल्या हाताजवळ तांदूळ ओतणारे कौसल्याबाईचे म्हातारे हात आठवले.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "दुखतं कुठं, हे तिला अजून कुणी विचारलेलंच नाही."