आईच्या ताटाचा पंचनामा

गाव सोडलं तेव्हा एसटी सुटता सुटता आईने खिडकीतून एक स्टीलचा डबा आत ढकलला. त्यात दाण्याचं कूट होतं. मी शिकायला ठाण्याला निघालेले, आणि आई जणू दुष्काळी भागात मदत पाठवत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. खाली उभी राहून ओरडली, "तिथं भाजीत कूट घालत न्हाईत म्हणं. तू घाल!" ठाण्यात खोपटच्या डेपोत उतरेपर्यंत झाकणाच्या फटीतून अर्धी एसटी शेंगदाण्याच्या वासाने भरलेली.

गावाकडच्यांनो, आणि असेच डबे मांडीवर घेऊन इकडे आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितेय. फलटणकडच्या आमच्या घरात कूट हा मसाला नव्हता, धर्म होता. वांग्यात कूट, काकडीत कूट, चटणी तर कुटाचीच. इकडे आल्यावर मी एका संघटनेत शिरले. फुटपाथ, पाणी, बायकांची स्वच्छतागृहं, सगळ्यांवर पत्रकं लिहिली. छोटं वाक्य, ठोस मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. अजूनही वाणसामानाची यादी लिहिताना माझ्याकडून 'तूरडाळ मिळालीच पाहिजे!' असं लिहिलं जातं.

मग डोंबिवलीच्या नितीनशी लग्न, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर, आणि दिवस गेले. सासूबाई मूळच्या कोकणातल्या. त्यांनी नारळ आणि कोळंबीची आघाडी उघडली. आईने गावाहून खोपटला येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती दाण्याचे लाडू धाडले. पोटात बाळ होतं, त्यामुळे मी दोन्ही आघाड्यांशी एकनिष्ठ राहिले. एकही लाडू वाया घालवला नाही.

रेवा वर्षाची झाली आणि एका संकष्टीला सासूबाईंनी तिला साबुदाण्याच्या खिचडीचा घास भरवला. दहा मिनिटांत पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. मी आणि नितीन तिला घेऊन रिक्षाने दवाखान्यात धावलो. ती रिक्षा आठवली की आजही माझे विनोद संपतात. पोरगी वाचली. पुढे तपासण्या झाल्या आणि कळलं, शेंगदाण्याची ॲलर्जी. खिचडीतलं कूट माझ्या आईने गावाहून धाडलेल्या डब्यातलं.

आणि सुरू झाला माझ्या ताटाचा पंचनामा! सासूबाई म्हणाल्या, "अगं, नऊ महिने दाण्याशिवाय दुसरं काय गेलं तुझ्या पोटात? आमच्या नारळाने कुणाला काही झालंय कधी?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं मत उलटं. मी दाणे कमी खाल्ले, म्हणून बाळाला सवय झाली नाही. म्हणजे खाल्ले तरी मी गुन्हेगार, नाही खाल्ले तरी मीच. नितीन त्या नऊ महिन्यांत रोज वडापाव खात होता, त्याची चौकशी कुणी केली? अजिबात नाही!

मी कल्याणच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आईने गरोदरपणी दाणे खाल्ले म्हणून मुलाला ॲलर्जी झाली, असं सिद्ध झालेलं नाही. खाल्ले नसते तर टळली असती, असंही नाही. आईला स्वतःला त्रास होत नसेल, तर निव्वळ या भीतीने तिने काही सोडू नये."

"शंभर टक्के?" मी विचारलं.

"शास्त्रात शंभर टक्के क्वचितच असतं."

"पत्रकात असावं लागतं, मॅडम."

"मग पत्रकात लिहा, पोरीला दाण्यापासून शंभर टक्के लांब ठेवा. आणि औषधांची पिशवी घरी विसरू नका."

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. म्हणजे रिक्षा, सूज, तपासण्या. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगायच्या आत तिने फोन ठेवला. त्यानंतर डबा आला नाही. लाडू आले नाहीत. गावाला येऊ का म्हटलं की कारणं. "ऊन लई हाय." "म्हस व्यायलीय." "रस्ता खोदलाय." दोन वर्षं रस्ता खोदलेलाच! मी समजले, तीही माझ्यावरच खापर फोडतेय. सासूबाईंचं मी ऐकून घेतलं असतं. पण आईने? जिने लाडू धाडले, तिनेच?

मग मी तेच केलं जे मला येतं. पत्रक लिहिलं. 'आईच्या ताटाचा पंचनामा बंद करा! ॲलर्जी हा आईचा गुन्हा नाही!' खाली डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, जसंच्या तसं, पोरीला दाण्यापासून शंभर टक्के लांब ठेवा हेही. घरापुरत्या चार प्रती हव्या होत्या, पण कल्याणचा प्रेसवाला पाचशेच्या खाली हलेना. त्यामुळे अख्ख्या सोसायटीचं प्रबोधन झालं. सासूबाईंनी गठ्ठा हातात घेऊन चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "कागद जाड आहे हो. डब्यांखाली घालायला बरा." घातलाही. आज त्यांच्या फळीवरचा प्रत्येक डबा माझ्या निषेधावर बसलेला आहे.

एक प्रत गावी पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी नाही. रागात होते.

आठ दिवसांनी आईचा फोन. रेवा कशी आहे नाही, जेवलीस का नाही. थेट म्हणाली, "ह्ये तुजं कागदावरचं, ह्ये माज्या लाडवांस्नी पण लागू हाय का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे मी धाडल्यालं लाडू. त्यानं न्हाय ना झालं पोरीला?"

दोन वर्षं माझी आई स्वतःवर खटला चालवून बसली होती, आणि मी, पंचनाम्यांची एवढी विरोधक, तिला फिर्यादी समजत होते. मोठमोठ्यांना जाब विचारणाऱ्या मला आईला एक साधा प्रश्न विचारता आला नव्हता.

"लागू आहे, आई," मी म्हटलं. "सगळ्या लाडवांना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "मग येतीस कवा? रस्ता झालाय."

गेलो आम्ही. दारालाच माझं पत्रक चिकटवलेलं. मागच्या आठवडाभरात आईने कुटाचे डबे भावकीत वाटून टाकलेले, नवा मिक्सर आणलेला, फळ्या धुऊन काढलेल्या. शेजारची सुमनकाकू शेंगा खात ओट्यावर चढली, तर आईने तिला खालूनच परत पाठवलं. "हात धू, चूळ भर, मग बोल. वाचाय येतंय न्हवं?" माझ्या एकाही आंदोलनाची अंमलबजावणी इतकी कडक झाली नव्हती. वांग्यात कुटाऐवजी तिने खोबरं घातलेलं. सासूबाईंचा विजय! भाजी अत्यंत वाईट झालेली. रेवाने दोनदा मागून खाल्ली.

गाव म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं त्या वासावरून ओळखायचे. आता घरात तो वास नाही, आणि घर पहिल्यापेक्षा जास्त माझं आहे. परतताना आई एसटीपर्यंत आली. मी सवयीने खिडकीतून डब्यासाठी हात बाहेर काढला. तिच्याकडे डबा नव्हता. तिने दोन्ही रिकामे हात आत घातले आणि रेवाचे गाल धरले. हातांना साबणाचा वास येत होता.

"दोनदा धुतल्यात," ती म्हणाली.