खिडकीखालची चटई

बुधाजीच्या दोन खोल्या करी रोडला होत्या, आणि तो राहत होता शीव कोळीवाड्यात, भाड्याच्या झोपड्यात. ऐकणाऱ्याला हसू येई. पण गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, कापसाची बारीक धूळ गिळून गिळून त्याची छाती बसली होती. सपाट रस्ता तो हळूहळू तोडी. जिना मात्र चढवत नसे. आणि खोल्या चौथ्या मजल्यावर. वरचा मजला म्हणून पागडी कमी, म्हणूनच गिरणी सोडताना हाती आलेल्या पैशांत त्या बसल्या.

घेतल्या त्या दिवशी तो एकदाच वर गेला होता. पायरीपायरीवर बसत. वर पोचल्यावर दम खायला म्हणून खिडकीखाली आडवा झाला. गिरण्यांच्या चिमण्यांमधून समुद्राची एक चकचकीत पट्टी दिसत होती. वारा थेट अंगावर येत होता. त्याला झोप लागली. तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. झोपड्यात आडवं झालं की छातीत घरघर सुरू व्हायची; मग कुडाला पाठ लावून तो रात्र काढी.

एक खोली त्यानं कोंडीराम आणि बकुळाला दिली, कायमची. गावची माणसं, पोरंबाळं असलेली. दुसरी पाळीवाल्यांना. चार चटया आणि एकेका चटईला तीन माणसं: एक पहिल्या पाळीचा, एक दुसरीचा, एक रातपाळीचा. एक कामावर, एक चटईवर, एक येण्याजाण्यात. कोणी दोन महिने राही, कोणी पेरणीला गावी जाई की त्याच्या जागी दुसरा येई. चटई कधी गार पडत नसे.

झाडलोट, पाणी बकुळा पाही. नियम बुधाजीचे. त्यातला पहिला, झोपलेल्याला हाक मारायची नाही, हलवायचं नाही. पायाचा अंगठा दाबायचा. उठणाऱ्यानं न बोलता उठायचं, येणाऱ्यानं न बोलता निजायचं. बाकीच्यांची झोप घामाची आहे, ती मोडायची नाही.

कारभार तो कोळीवाड्यातून करी, दारात बसून, डोळे मिटून. वारा तिकडचा असला की पहाटे गिरण्यांचा भोंगा बारीक होऊन इथवर येई. मग त्याला खोली दिसायची. रातपाळीचा शामराव जिना चढतोय. केसांत कापूस. खिडकीखाली निजलेल्याचा अंगठा दाबतोय. तो उठतोय, हा लवंडतोय. चिमणीचा धूर खिडकीवरून सरकतोय.

बायको कमलाबाई दाराशी कोलंबी सोलत असे. ती विचारी, "चालला वाटतं कारभार?"

"गप. शामराव आत्ता निजतोय."

"त्याला निजवा. इथं चुलीला लाकूड नाय ते बघू नका."

मग संयुक्त महाराष्ट्राचा संप आला. गिरण्या बंद. पहाटे वारा होता, पण भोंगा आला नाही. बुधाजी डोळे मिटून बसला. खोली दिसली, पण तीत कोणी हलेना. जिन्यावर कोणी नाही, अंगठ्यावर हात नाही. सगळं चित्रासारखं थांबलेलं.

"आज कोणी उठत नाय," तो म्हणाला.

"तर तुम्ही तरी उठा," कमलाबाई म्हणाली.

दुपारी कोंडीराम आला, करी रोडहून चालत. बसगाड्या नव्हत्या. घोटभर पाणी पिऊन तो म्हणाला, "काका, चला. खोलीत बाराच्या बारा हायत."

"बारा कसे?"

"कसे म्हंजे? गिरण बंद. तिन्ही पाळ्या घरी. जाणार कुठं? चटया चार. सकाळपासून गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला बसलेत. खिडकीखालच्या चटईवरून गंगाधरनं वळकटी बांधली, म्हणतो मी फुटपाथवर जातो. बाहेर पोलिसांच्या गाड्या फिरतायत."

 चूक बुधाजीच्या ध्यानात आली. प्रत्येक माणसाला खोलीत घेताना तो एकच वाक्य बोलत आला होता: "ही जागा तुझी." तिघांना तेच, तीच चटई. भोंगा थांबला तर काय, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. भोंगा थांबतो कुठं?

"शब्द माझा हाय," तो म्हणाला. "मलाच यायला पायजे."

"जिना चढाल?" कमलाबाईनं विचारलं. तिच्या हातातली कोलंबी तशीच राहिली.

"बघू."

तो आणि कोंडीराम चालत गेले, झाडाखाली टेकत, दुकानांच्या फळ्यांवर टेकत. परळच्या बाजूनं घोषणांचा आवाज येत होता, लाटेसारखा, जवळ येऊन मागं जाणारा. चाळीपाशी पोचल्यावर बुधाजीनं वर पाहिलं नाही. पुढच्या पायरीकडे पाहिलं. एक पाय, मग दुसरा, मग श्वास. श्वास आल्याशिवाय पाय नाही. कोंडीरामनं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. घेतला असता तर कोंडीरामच्या चालीनं चढावं लागलं असतं. ज्याचा त्याचा जिना.

वर बकुळा दारातच होती. "या काका! आता तुम्हीच बघा तुमची जत्रा."

आत गंगाधर वळकटी मांडीवर घेऊन बसला होता. समोर शामराव. दोघं एका चटईवर तीन वर्षं निजत होते आणि उजेडात एकमेकांना पहिल्यांदा बघत होते.

"म्हंजे माझा अंगठा तू दाबतोस?" गंगाधर म्हणत होता. "दाबतोस की पिरगाळतोस रे?"

"आणि उशीला एवढं तेल तुझं होय? मला वाटायचं उशीच तशी आली."

दोघंतिघं हसले. बुधाजी उंबऱ्यावर टेकला. दम खात राहिला. गंगाधरनं वाट पाहिली, मग म्हणाला, "काका, तुम्ही मला बोललात, जागा तुझी. होय की नाय?"

"होय."

"आणि मला?" शामराव.

"तुलापण."

कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "घ्या! मुंबई कुणाची ते रस्त्यावर ओरडून सांगून आलो, आणि चटई कुणाची ते काकांना सांगता येईना."

 गंगाधर वळकटी घेऊन उठला.

"बस," बुधाजी म्हणाला. "बकुळा, ताट आण. आणि उलथनं."

ते आल्यावर त्यानं ताटावर उलथनं मारलं. ठण्ण आवाज झाला.

"भोंगा बंद हाय. पाळी बंद नाय. चौघं निजतील. चौघं गॅलरीत. चौघं खालून पाणी आणतील, बकुळाला तांदूळ निवडून देतील. मग बदल. बदली मी करणार."

"तुमच्याकडं घड्याळ कुठाय?" शामरावनं विचारलं.

बुधाजीनं खिडकीकडे बोट केलं. समोरच्या चिमणीची सावली भिंतीवर पडली होती. "ती त्या खिळ्यापाशी आली की."

गंगाधरनं खिळा पाहिला, चटई पाहिली. वळकटी सोडली.

त्याच संध्याकाळी संचारबंदी लागली. बुधाजी वरच राहिला. लालबागच्या बाजूनं गोळीबाराचे आवाज आले की गॅलरीतले आत सरकत आणि कोणी कुणाला जागा मागत नसे. आवाज थांबला की ताट वाजे. दिवसा सावली चाले, रात्री बुधाजी आपले श्वास मोजून अदमास घेई. तो उंबऱ्यावर बसूनच डोळा लावी. चिमण्यांतून धूर निघत नव्हता. आभाळ इतकं स्वच्छ कोणी पाहिलं नव्हतं. त्याखाली समुद्राची पट्टी दुपारभर चमकत राही आणि बुधाजी लांबूनच ती बघे.

एका दुपारी सावली खिळ्याशी आली. ताट वाजलं. शामराव खिडकीखालून उठला. पाळी गंगाधरची. तो निजला नाही.

"काका, तुम्ही टेका जरा. मी विडी ओढून येतो."

"नको. जागा तुझी हाय."

"माझी हाय ना? मग मी देतो."

 बुधाजी खिडकीखाली गेला आणि आडवा झाला. चटई शामरावच्या अंगानं अजून ऊबदार होती. वारा आला. घरघर झाली नाही. त्याला वाटलं, या चटईवर सांडलेल्या सगळ्या झोपा खाली साठल्या आहेत, पाण्यासारख्या, आणि तो त्यांच्यावर तरंगत चिमण्यांमधून समुद्राकडे चालला आहे. काठावर कमलाबाई कोलंबी सोलतेय. भोंगा कुठंच नाही.

मग कोणी तरी पायाचा अंगठा दाबला. हळू. बुधाजी न बोलता उठला. कोण होतं ते त्यानं वळून पाहिलं नाही. नियम त्याचाच.

गिरण्या सुरू झाल्यावर तो जिना उतरला, तसाच, एकेक पायरी. पुढं नव्या माणसाला तो "जागा तुझी" म्हणत नसे. "पाळीपुरती तुझी" म्हणे. कोणाला ते कमी वाटलं नाही.

कोळीवाड्यात वारा तिकडचा असला की पहाटे पुन्हा भोंगा येऊ लागला. बुधाजी डोळे मिटून कारभार पाही. शामराव निजायचा, शामराव उठायचा, गंगाधर विडी ओढायला जायचा. त्या दोघांच्या मधे थोडी जागा असे, आणि त्या जागेत तो स्वतः. कुडाला टेकूनही आता त्याला झोप लागे.

चहा झाला की कमलाबाई त्याला हाक मारत नसे. त्याच्या पायाचा अंगठा दाबी.