नेम मोडला तो दिवस

माझ्या नेमाचा मला फार तोरा. श्रावणात पोथीचं सात दिवसांचं पारायण, आणि रोजचे अध्याय संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. यंदा सुनेलाही शेजारी बसवलं. तिसऱ्या दिवशी तिला गरगरलं, म्हणून उठून तिनं अर्धा कप चहा घेतला. मी चारचौघींत म्हणाले, तुझ्यामुळं पारायण बाटलं. ती संध्याकाळच्या गाडीनं सेलूला माहेरी गेली, ती आलीच नाही. मुलगा तुटक बोलू लागला, घर खायला उठलं. तरी चूक तिचीच, यावर मी ठाम!

महिन्याभरानं मीच जिंतूरहून निघाले. समजूत काढायला नव्हे हो, पारायण पुन्हा पहिल्यापासून कर, मगच घरात घेते, हे सुनावायला. त्यात माझी निर्जळी एकादशी. सकाळी साखरेच्या आजाराची गोळी गिळायला घोटभर पाणी घेतलं, तर त्यावरूनही वाटभर स्वतःला बोल लावत होते. देवगाव फाट्याला गाडी बदलायला उतरले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

भानावर आले तेव्हा एका पेरू विकणाऱ्या म्हातारीनं मला सावलीत टेकवलं होतं. तिनं गुळाचा खडा पुढं केला. मी एकादशीचं सांगून मान फिरवली.

"तुमच्या सुनंला असं झालं असतं, तर उपाशी ठिवलं असतं का?"

"ठेवलंच होतं," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

"मग आधी सोता खा. देवाला मी सांगते, आमची लय जुनी वळख हाय."

रडता रडता हसू फुटलं. गूळ खाल्ला, वर दोन पेरूही खाल्ले. इतकी वर्षं मी माझ्या पोटाची कीव केली नव्हती, मग तिच्या पोटाची कुठून येणार? हे मला तिथं, त्या धुळीत बसून कळलं.

सेलूला सुनेनं दार उघडलं. "माझं चुकलं गं," एवढंच बोलता आलं. तिनं मला हाताला धरून आत घेतलं. मग म्हणाली, "आई, तोंड किती उतरलंय तुमचं. जेवता का?" एकादशीला मी हो म्हणाले, तशी ती खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून घरी आलो.

म्हातारीचं नावही मी विचारलं नाही. तिला पाठवणाऱ्याला मात्र रोज हात जोडते. नेम पाळला गेला की मोडला, ते आता त्याचं त्यानं बघावं. पोथी उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारते, खाल्लं का काही? त्या सगळ्यांत आता मीही असते.