वेलीखालची राणी

वेलींवर मारलेल्या गंधकाचा वास आला की पिंपळगावची ती द्राक्षबाग आठवते आणि डोकं तापतं. मी व्यापारी, तिथला माल घ्यायला गेलो होतो. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि एका वेलीच्या बुंध्याशी पंख गळलेली राणी मुंगी फिरत होती. मी लगेच भाव पाडला, "मुंग्या आल्या, म्हणजे घडांत रस शोषणारे पिठ्या ढेकूण असणार; त्यांच्या गोड चिकट्यासाठीच मुंग्या येतात." मालकीणबाईंनी ती तळहातावर घेतली. "शेठ, डोकं बघा केवढं. ही गवताचं बी गोळा करणारी, वेलीवर चढायची नाय. चढली तर बाग फुकट न्या." त्यांनी ती पुन्हा खाली सोडली आणि मी हट्टाने तासभर बुंध्याशी बसलो. राणी मातीत शिरली. तरी मी भाव वाढवला नाही, आणि बाग दुसऱ्याने घेतली. आजही बागेत शिरलो की आधी मुंग्यांची डोकी बघतो. बाईंना मात्र अजून माफ केलेलं नाही.