बुधवारची सायकल

सीबोल्ट विर्सेमाच्या तोंडाला लगाम नव्हता, हे आमच्या ग्रोनिंगन प्रांताच्या उत्तरेकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता हो! कुणाच्या शेतात गाडी रुतली तर पहिला धावून जाणारा तोच. पण सायकलचा विषय निघाला की गड्याच्या अंगात यायचं. सत्तरी उलटली तरी साठ किलोमीटर सहज मारायचा आणि संध्याकाळी ते चार घरी सांगायचा.

निवृत्त झाल्यापासून मे ते सप्टेंबर, दर मंगळवारी, तो आणि त्याचा धाकटा भाऊ डेर्क फिरायला निघत. घाई नाही, शर्यत नाही. सायकलच्या वाटा जिथे मिळतात तिथल्या प्रत्येक पाटीला एक आकडा असतो; जायच्या वाटेवरचे आकडे घरीच कागदावर उतरवायचे, कागद हँडलला अडकवायचा आणि एका आकड्यावरून दुसऱ्यावर निवांत जायचं. मुलुख सगळा सपाट. कालवे, बीटाची शेतं, मेंढ्या, आणि मध्ये मध्ये उंचवट्यावर वसलेली जुनी गावं, प्रत्येकात आठशे वर्षांचं विटांचं एक चर्च. चढ कसला तो नाहीच, पण समुद्रावरून येणारा वारा ती कसर पुरेपूर भरून काढतो. समोरून वारा आला की सीबोल्ट पुढे व्हायचा आणि डेर्क त्याच्या पाठीच्या आडोशाला राहायचा. लहानपणी शाळेत जातानाही हे असंच असे.

साडेदहाला लुटकेवेर्ड गावात, चर्चमागच्या बाकावर थर्मासमधली कॉफी. चर्चची किल्ली समोरच्या घरात, हिलकाकडे. दार वाजवायचं, किल्ली घ्यायची, आत दोन मिनिटं गप्प बसायचं, किल्ली परत द्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं. दोघांच्या आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस हाच.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात डेर्क विजेवर चालणारी सायकल घेऊन आला. राखाडी, नवी कोरी. रस्ताभर सीबोल्टने कसाबसा दम धरला. लुटकेवेर्डच्या बाकाशी आणखी दोन जोडपी कॉफी पीत बसलेली दिसली, आणि मग काय, त्याला ऐकायला माणसं मिळाली!

"बघा हो बघा, आमच्या धाकट्याची मोटरगाडी! डेर्क, आपले बाबा ऐंशीव्या वर्षी याच वाऱ्यात सायकल मारत शेतावर जायचे. आणि त्यांच्या पोराला आता भिंतीतली वीज लागते?"

"गुडघा कुरकुरतो रे जरा," डेर्क म्हणाला. "तू एकदा चालवून तर बघ. मजा येते."

"मी? मला अजून पाय आहेत! त्यापेक्षा चाकाची खुर्चीच घ्यायचीस ना. निदान आपण भाऊ आहोत हे कुणाला कळलं नसतं!"

जोडपी खो खो हसली. डेर्कही हसला. तो हसला म्हणून सीबोल्टला वाटलं, झालं, विषय संपला.

पुढच्या सोमवारी डेर्कचा फोन आला. "गुडघा फारच धरलाय. उद्या नाही जमायचं."

"बरं," सीबोल्ट म्हणाला.

त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. तो उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. सीबोल्ट एकटाच फिरत राहिला. डेर्कचं घर सायकलने वीस मिनिटांवर. पण आमच्याकडे सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा कुणी न विचारता जात नाही. आधी डायरी काढायची, दिवस ठरवायचा, मग कॉफी. आणि ज्याचं दुखणं त्याने आपणहून सांगितलं नाही, तर ते उकरायचं नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो, देव आमचं भलं करो! वाढदिवसाला दोघे भेटत. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मांडीवर केकची बशी.

"गुडघा?"

"चाललंय."

मग पावसावर गाडी यायची. सीबोल्टला घरी जाताना दर वेळी चुकल्यासारखं व्हायचं. पुढच्या वाढदिवसाला बोलू, असं म्हणून तो ते ढकलायचा.

गेल्या फेब्रुवारीत डेर्क गेला.

अंत्यविधीनंतरची कॉफी संपल्यावर त्याची बायको वुबिना सीबोल्टला मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. "ही सायकल घेऊन जा तू. मला उंच पडते."

सीबोल्टने वाकून सायकलच्या मीटरवरचा आकडा पाहिला आणि चाटच पडला. सहा हजार किलोमीटर! "एवढी चालवली? आणि गुडघा?"

"कुठला गुडघा? हृदय होतं ते. दमायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तो ऐकतोय! दर बुधवारी तुमच्याच त्या रस्त्याने जायचा. तू मंगळवारी, तो बुधवारी. तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

सीबोल्ट घरी आला आणि दोन महिने त्याने सायकलला हात लावला नाही. चार घरी बढाया मारणारा माणूस, पण आता कुणाच्या घरी जाईना. आपण भावाला काय बोललो ते त्याला अक्षर न अक्षर आठवत होतं, आणि माफी मागायची तर आता कुणाची मागणार?

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी मात्र त्याला राहवलं नाही. आपल्या जुन्या सायकलवर तो थेट लुटकेवेर्डला गेला आणि हिलकाचं दार वाजवलं. तिने नेहमीसारखी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली, पण जागचा हलला नाही.

"हिलका, डेर्क इथे यायचा?"

"यायचा की. दर बुधवारी. आला की पहिला प्रश्न ठरलेला. काल सीबोल्ट आला होता का? दमलेला दिसत होता का? मी म्हणायची, तो कसला दमतोय! मग खूश होऊन कॉफी प्यायचा."

"मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही!"

"तुम्ही विचारलंत कधी?" हिलका म्हणाली. मग तिलाच ते लागलं असावं, कारण ती उंबरठ्याबाहेर आली. "गेल्या सप्टेंबरात एकदा मंगळवारी आला होता. दहालाच. केक आणला होता, दोघांपुरता. म्हणाला, आज थांबतो, हसला तर हसू दे. सायकल भिंतीला लावली, बराच वेळ बाहेर वाट बघितली आणि मग चर्च उघडायला आत गेला. नेमके तेवढ्यात तुम्ही आलात."

सीबोल्टला तो दिवस आठवला. चर्चच्या भिंतीला राखाडी, विजेची सायकल टेकलेली दिसली होती. आला कुणी मोटरवाला, आता याच्याशी गप्पा माराव्या लागणार, असं पुटपुटत तो न थांबता पुढे गेला होता. सबंध मोसमात तेवढा एकच दिवस तो तिथे थांबला नव्हता.

"तो बाहेर धावला हो," हिलका म्हणाली. "हाका मारल्या. वारा उलटा, तुम्हाला कुठलं ऐकू जायला!"

"मग मागून का नाही आला?" सीबोल्ट जवळजवळ ओरडलाच. "मोटर होती ना त्याच्याकडे! दोन मिनिटांत गाठलं असतं मला!"

"मीही तेच म्हटलं त्याला. जा, गाठा. तर म्हणाला, नको, मोटरने गाठलेलं त्याला आवडायचं नाही."

सीबोल्टने पायरीवरच बसकण मारली. हातातली किल्ली त्याने घट्ट धरून ठेवली होती.

"आवडलं असतं हो हिलका," तो म्हणाला. "फार आवडलं असतं."