ठमाबाईची उष्णता

ठमाबाईने सुनेला तिच्याच डोहाळजेवणातून फुलांच्या दागिन्यांसकट घराबाहेर काढलं, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपेक्षा जोरात वर गेली. दुसऱ्या मजल्यावर त्यात फरफटत नेणं आलं, चौथ्यावर सून अनवाणी झाली. मी तिथे होतो. अनवाणी तेवढं खरं.

ठमाबाई आमच्या मानपाड्याच्या बिल्डिंगची मूळ मालकीण. जमीन तिची, भातशेती गेली, बिल्डिंग आली, आणि आम्हा भाडेकरूंच्या तब्येतीसुद्धा तिच्या मालकीच्या झाल्या. मी तिला तोंडावर आजी म्हणतो आणि पाठीमागे तिचा आवाज काढतो. सोपा आहे. आधी नाकातून फुस्स करायचं, मग पेशंटकडे न बघता निकाल द्यायचा: "उष्नता हाय ती." केस गळतात, उष्णता. पोरगं चिडतं, उष्णता. मला गणितात मार्क कमी पडले, तीही उष्णताच. औषध एकच, सब्जा. भला मोठा डबा भरलेला असायचा.

सून कल्पितावहिनी गरोदर राहिली आणि तिला लघवीला जळजळ सुरू झाली. ठमाबाईने उन्हाळी लागल्याचं जाहीर करून सब्जा भिजवला. वहिनीने तरी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. लघवीत जंतू निघाले, गोळ्या मिळाल्या, सगळ्या संपवायच्या असं बजावलं. चार घेतल्या आणि जळजळ गेली. उरलेल्या ठमाबाईने माळ्यावर टाकल्या. म्हणे, गरोदर बाईला गोळ्या गरम पडतात, त्रास गेला तर आणखी कशाला. वहिनी बीकॉम, नवरा हितेशदादा इंजिनिअर. मोबाइल घेताना हा माणूस महिनाभर रिव्ह्यू बघतो. इथे म्हणाला, "आई बोलते तर राहू दे ना." माझ्या आईनेही मान डोलावली. एवढी डिग्रीवाली माणसं एका डब्याला घाबरून होती.

डोहाळजेवणाच्या दिवशी वहिनी फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती आणि थरथरत होती. एक मावशी म्हणाली दृष्ट लागली, दुसरी म्हणाली एसी कमी करा. फोटोग्राफर "वहिनी, स्माइल" करत राहिला. पेढा की बर्फी ओळखायच्या वाट्या पुढे आल्या, तेव्हा वहिनी सासूला हळूच म्हणाली, की कंबर फुटतेय, पोट सारखं दगडासारखं होतंय आणि सुटतंय.

ठमाबाईने पोटावर हात ठेवला. मी तिच्याकडेच बघत होतो, कारण आता फुस्स येणार होतं. आलं नाही. तिने वाट्या बाजूला सारल्या, सुनेला दंडाला धरून उठवलं आणि हितेशदादाला गाडी काढायला लावली. चपला राहिल्या. वहिनीची पर्स माझ्याकडे होती म्हणून मीही कोंबला गेलो. मावशा गॅलरीत आल्या आणि बातमी तयार झाली.

हॉस्पिटलमध्ये वहिनीला ताप निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मागच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का? वहिनीने सासूकडे बघितलं आणि "हो" म्हणाली. हितेशदादा भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं पोस्टर वाचायला लागला.

"नाय," ठमाबाई म्हणाली. "चारच घेतल्या. मीनी बंद केल्या."

डॉक्टरीणबाईंनी तिला सोडलं नाही. जळजळ थांबली म्हणजे जंतू मेले असं नसतं, ते वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत, त्याने गर्भाशय आवळायला लागलंय, कळा अशाच वाढल्या तर बाळ आत्ताच बाहेर येईल, आणि त्याची फुप्फुसं अजून तयार नाहीत. ठमाबाईने उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं. इंजिनिअर बसून होता.

सलाइनमधून औषध सुरू झालं. बाकावर मावशांचे फोन येत होते, कोणी ओवा सुचवत होतं, कोणी अंगारा. परवापर्यंत त्यांची पुढारी ठमाबाईच होती, म्हणून मी डिवचलं, "आजी, तू एक उपाय न सांगता राहून दाखव. डिलिव्हरीपर्यंत. पैज."

"हरलास तं डब्यातला सगला सब्जा तू प्यायचास," ती म्हणाली. "माज्यासमोर."

दोन दिवसांनी पोट आवळायचं थांबलं, ताप गेला. वहिनी घरी आली, नव्या गोळ्या ठमाबाईने स्वतःच्या हाताने देऊन संपवल्या, लघवी पुन्हा तपासून झाली. मी मात्र पैजेमागे लागलो. तिच्यासमोर खोकलो, लंगडलो. शेवटी टेंभी नाक्यावरच्या तिच्या बहिणीच्या आवाजात फोन केला, अगदी तोच रडका सूर: "ठमे, आमच्या सुनंला जलजल होते गो, काय देऊ?"

पलीकडून फुस्स आलं. मी जिंकलोच होतो.

"डाक्टरकरं ने," ती म्हणाली. "आन् सर्वेश, तुज्या आईला सांग, दूध उतू चाललंय. वास हितपरत येतंय."

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. मुलगी, आणि आवाज आजीचा. ते घरी आलं त्या दुपारी ठमाबाईने मला खाली बोलावून ओट्यापाशी उभं केलं आणि पहिला ग्लास पुढे केला. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

"पी," ती म्हणाली. "तुज्या जिभंला लय उष्नता हाय."