हे केस मी झाकणार नाही

काकूंनी माझ्या केसांतून हात काढला, बोटं नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"ई! काय लावलंय हिनं?"

मग पर्समधून टिश्यू काढला. एकेक बोट पुसलं. सगळ्यांसमोर.

लंडनच्या हॅरोमधल्या एका शाळेचा हॉल होता. मराठी मंडळाच्या गणपतीसाठी नाचाची तालीम. मी नऊ वर्षांची. आम्ही मुली ओळीत उभ्या होतो आणि काकू प्रत्येकीच्या केसांत कापडी फुलांचा गजरा लावून बघत होत्या. या काकू म्हणजे एका मोठ्या कन्सल्टंट डॉक्टरची बायको. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या केसांत पिन जाईना. गेली ती वाकली.

"ही मागच्या रांगेत राहू दे," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या बाईंकडे वळून, मला मराठी कळत नाही असं समजून: "बापाकडचे केस आहेत. आई बिचारी काय करणार?"

मला सगळं कळलं. आई माझ्याशी घरी मराठीच बोलायची. 'बिचारी'सुद्धा कळलं.

आई तिथंच होती. हातात साबुदाणा वड्यांचा डबा. पहाटे उठून तळलेले. मी तिच्याकडं बघितलं. आता ती काहीतरी बोलेल.

आई हसली.

"हो ना," म्हणाली. "फार त्रास आहे हो या केसांचा."

काकूंचा टिश्यू मी एखादवेळेस विसरले असते. ते हसणं नाही विसरले.

केसांना काय लावलं होतं ते सांगते. शिया बटर, आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोणी. माझे बाबा घानाचे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे, आई त्याच हॉस्पिटलात नर्स. बाबांची बहीण, म्हणजे माझी आत्या, टॉटनमला राहायची. शनिवारी बाबा मला तिच्याकडं सोडायचे. आत्या सोफ्यावर, मी खाली तिच्या गुडघ्यांच्या मध्ये. माझी मान दुखायची. टीव्ही चालू असायचा आणि ती टीव्हीतल्या लोकांशी भांडायची.

घानाहून कुणी आलं की तिच्यासाठी शिया बटर यायचं. पिवळट, जाडसर. थंडीत दगड व्हायचं. आत्या ते नखानं खरवडून तळहातावर घ्यायची आणि विरघळेपर्यंत हात चोळत बसायची. वास थोडा धुरासारखा, थोडा भाजलेल्या दाण्यांसारखा. मला तो वास आवडायचा. तो वास म्हणजे शनिवार.

आधी पाणी. केस चांगले ओले करायचे. मग शिया, म्हणजे पाणी आतच राहतं. कोरड्या केसांना नुसतं थापून काही होत नाही, असं ती म्हणायची. केसांच्या टोकांना जास्त, कारण टोकं सगळ्यात जुनी. मग दोन दोन बटा एकमेकींत पिळायच्या.

मी तिला विचारायचे, माझे केस इतर मुलींसारखे लांब का होत नाहीत? ती एक बट धरून खाली ओढायची. बट खांद्याच्या खाली यायची. सोडली की उडी मारून कानाशी.

"वाढतायत की. लपून बसलेत," म्हणायची. "तुटू द्यायचे नाहीत, एवढंच आपलं काम."

तालमीच्या पुढच्या आठवड्यात आईनं मला आत्याकडं पाठवलं नाही. एका सलॉनमध्ये नेलं. तिथं केस सरळ करायचं क्रीम लावलं. रिलॅक्सर म्हणतात त्याला. आधी थंड वाटलं. मग चुरचुरलं. मग आग. मी ओरडले. आईनं माझे दोन्ही हात धरले.

"थोडंच राहिलं, बाळा. थोडं सहन कर."

ती रडत होती. हात मात्र सोडले नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी माझं डोकं बघितलं. कानामागं कातडी सोलली होती. आमच्या घरात भांडणं मोठ्यानं होत नसत. बाबा बागेत गेले आणि पाऊस पडत असताना गवत कापत बसले.

आत्यानं बघितलं तेव्हा तिनं माझं डोकं पोटाशी धरलं आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. अर्थ मला आजही माहीत नाही. विचारायचं राहून गेलं.

त्या वर्षी मी पुढच्या रांगेत नाचले. केस सपाट, चपटे, काकूंना हवे तसे. "आता कशी गोड दिसते!" काकू म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा बघून मी पुढची कित्येक वर्षं ते क्रीम लावून घेतलं. दर थोड्या महिन्यांनी. डोक्याला फोड आले की आई हॉस्पिटलातलं मलम लावायची. फुंकर घालायची. प्रेमानं.

केस वाढलेच नाहीत. तुटत राहिले. उशीवर, कॉलरवर, सिंकमध्ये. मंडळातल्या बायका आईला म्हणायच्या, "त्यांच्या केसांना वाढच नसते हो." आई मान हलवायची.

मी स्कॉटलंडला, एडिनबराला शिकायला गेले. फिजिओथेरपी. दुसऱ्या हिवाळ्यात शॉवर घेताना मागचा एक पट्टाच हातात आला. मुळासकट. मागं हात लावला तर नुसती कातडी. मी तशीच ओली बाथरूममध्ये खाली बसले. आईला फोन लावायची हिंमत झाली नाही. आत्याला लावला. केस गेले, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "तिथंच थांब. मी येते."

ट्रेननं आली. गुडघे धरलेले असायचे तिचे, तरी एवढा प्रवास करून आली. बॅगेत जेवण, सॅटिनचा स्कार्फ, कात्री आणि शिया बटरचा डबा. माझ्या फ्लॅटमेटच्या खुर्चीवर मला बसवलं आणि उरलेले सगळे सरळ केस कापून टाकले. मी आरशात बघितलं. बाबा दिसले. हुबेहूब बाबा. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की मी बाबांसारखी दिसते. इतकी वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं.

आत्यानं तळहात चोळले. तो वास खोलीत पसरला आणि मी इतकी रडले की ती म्हणाली, "बास. बास." हा एकच मराठी शब्द तिला येत होता, आईकडून उचललेला.

मग मी शिकले. एडिनबराचा वारा केसांतलं पाणी ओढून घेतो, घरातला हीटर उरलेलं. म्हणून रोज थोडं पाणी, वर शिया, टोकांना नीट. झोपताना सॅटिनचा स्कार्फ, म्हणजे केस उशीला घासून तुटत नाहीत. बाहेर लोकरीची टोपी, आत सॅटिनचं अस्तर, ते आत्यानं हातानं शिवलेलं. सारखे विंचरायचे नाहीत. बटा पिळून तशाच राहू द्यायच्या. कंटाळा यायचा. पण उशीवर केस दिसायचे बंद झाले. एक दिवस ओली बट ओढून बघितली, खांद्यावर आली. मी फोटो पाठवला. आत्यानं व्हॉइस मेसेजमध्ये चर्चमध्ये म्हणतात तसलं गाणं म्हटलं, बेसूर.

बट छातीपर्यंत आली तेव्हा आत्या नव्हती. स्ट्रोक आला. शेवटचे काही आठवडे तिचा उजवा हात उठत नव्हता. मी तिच्या केसांना शिया लावायचे. पांढरे, विरळ केस. ती डोळे मिटून घ्यायची. मला दुसऱ्यांची अंगं हाताळायची सवय आहे, कामच आहे माझं. पण तिच्या डोक्याला किती जोर लावायचा ते मला कळेना.

आई रिटायर झाली. मंडळानं हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या बायकांचा सत्कार ठरवला. लंडनमध्येच स्टॅनमोरला, मोठा हॉल, भारतातून पाहुणे. आईचं नाव त्यात होतं. तिनं मला फोन केला तेव्हा लहान मुलीसारखी बोलत होती. "तू ये. मुलगी म्हणून स्टेजवर माझ्याबरोबर उभं राहायचं." बाबांविषयी काकूंनी तिला आधीच सांगितलं होतं, "मिस्टरांना कंटाळा येईल हो, सगळं मराठीत आहे." बाबा म्हणाले, ठीक आहे. त्यांनी आईच्या सिल्कच्या साडीला इस्त्री करून दिली. सावकाश, एकेक घडी.

मी केस मोकळे सोडले होते. पिळलेल्या बटा उलगडून. चांगले मोठे, गोल, चकाकणारे. हॉलच्या दारातच काकू भेटल्या. म्हाताऱ्या झाल्यात. हातात जरीचा शेला होता.

"अगं, हा डोक्यावरून घे. फोटोत छान दिसेल. ट्रॅडिशनल."

"बाकी कुणी घेतलाय का?"

"बाकीच्यांचं वेगळं, गं. तुझे जरा... फोटो भारतात जाणारेत."

आणि त्यांनी शेला माझ्या डोक्यावर टाकायला हात पुढं केला. मी मनगट धरलं. जोरात नाही. रोज म्हाताऱ्या माणसांची मनगटं धरते, किती जोर लावायचा ते मला कळतं.

"काकू, माझ्या डोक्याला हात लावायचा नाही."

आईनं माझा दंड धरला.

"घे ना गं. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"नाही, आई."

"माझ्यासाठी?"

हे तिनं विचारायला नको होतं. त्या डोळ्यांत तीच भीती होती, सलॉनमधली. पण या केसांवर आत्याचे दुखरे गुडघे खर्ची पडले होते. एडिनबरापर्यंतचा तिचा प्रवास होता त्यांत.

"तुझ्यासाठी पण नाही."

काकूंनी शेला घडी केला. "मग राहू दे. आईचा एकटीचाच फोटो घेऊ."

आई एकटी स्टेजवर गेली. शाल घेतली, नारळ घेतला, हसली. मी समोर बसले होते. तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. टाळ्या मीच सगळ्यात जोरात वाजवल्या. त्या बाईनं आयुष्यभर लोकांची अंगं पुसली होती. टाळ्या तिच्या हक्काच्या होत्या.

परत येताना गाडी मी चालवत होते. मांडीवर नारळ घेऊन आई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच विचारलं.

"मी लहान होते तेव्हा काकूंनी हात पुसला. तू हसलीस का?"

मग ती बोलली, तर वेगळ्याच भाषेत. मंडळात आई पुण्याचं मराठी बोलते. हे नागपूरकडचं होतं, तिच्या वस्तीतलं. मी ते तिच्या तोंडून फक्त झोपेत ऐकलं होतं.

"आमच्या शाळेत गॅदरिंग होतं. बाई समद्या पोरींच्या वेण्या घालून देत होत्या. मी पण रांगेत उभी. माझा नंबर आला तं बाईनं रिबन वरून टाकली. खाली. म्हणे, उचल अन् घरी जाऊन बांध. माझ्या डोक्याले हात नाही लावला." तिनं नारळ घट्ट धरला. "त्या काकूनं तुले हात तरी लावला, बाई. पुसला मंग. पण लावला. मले वाटलं, आपल्यासाठी एवढं लय झालं."

मी गाडी एका घराच्या पुढं कडेला घेतली. मला रस्ता दिसत नव्हता.

मला कधीच हे सांगितलं नव्हतं. आम्ही दलित आहोत, ती दलित वस्तीत वाढली, यातलं काहीच नाही. मंडळात आडनाव विचारलं की आई बाबांचं आडनाव सांगायची. घानाचं आडनाव. त्यावरून कुणालाच काही कळत नाही. मला आजवर वाटायचं की ती ते प्रेमानं सांगते. प्रेम होतंच. पण ती त्याच्या आड उभी होती, इतकी वर्षं.

"मी घाबरले," आई म्हणाली. "तुझे केस बघून ते विचारतील, ही कोण, हिची आई कोण. म्हणून सरळ केले. मले वाटलं, सरळ असले तं कोणी विचारणार नाही."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला.

"पण आज तू माझा फोटो घालवला," ती म्हणाली. "हे मी इसरणार नाही. अन् हे कुठं बोलू नको. माझं नाव निघालं तं मी मरून जाईन."

घरी आलो. बाबांनी दार उघडलं आणि मला त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं, "जेवलीस?" आई शाल घेऊन सरळ वर गेली. खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. फोन उचलते, तब्येत सांगते, हवा सांगते, ठेवते. बहुतेक असंच राहील.

तरीही मी हे लिहिते आहे. मराठीत. माझं लिंग-वचन चुकतं, चुकू दे. ही भाषा काकूंच्या बापाची नाही. आईची आहे, जिच्यासाठी रिबन वरून टाकली गेली तिची. म्हणून माझीही आहे. आईचं नाव मी घातलं नाही, तिला तेवढं देणं मला भाग आहे. बाकी काहीही लपवलेलं नाही. वस्ती लपवली नाही, जात लपवली नाही.

पुढच्या वर्षी मंडळ बोलावणार नाही. मी जाणार. बाबांना घेऊन जाणार. पहिल्या रांगेत बसणार आणि कुणी आडनाव विचारलं तर दोन्हीकडची सांगणार. मोठ्यानं. उठवायला आले तर उठणार नाही.